हात न दाखवलेला खड्डा

जुन्या लाकडी चर्चच्या वळणावर, जिथे लेशेक खड्ड्यात सायकलवरून पडून मेला, तिथे त्याची बायको दानुता काचेतला दिवा लावत होती. त्या दिवशी लेशेकच्या पुढे असलेला वितोल्ड सायकलवरून उतरला.

"पुढच्याने खड्डा दिसला की मागच्याला हात दाखवायचा असतो ना, भावजी?" तिने मान वर न करता विचारलं.

"दाखवला होता, वहिनी. त्याचंच लक्ष नसेल."

"नसेलच. मेलेल्याचंच चुकतं नेहमी."

वितोल्ड निघाला. हात त्याने दाखवला नव्हता. त्या सकाळी दुकानापाशी लेशेक त्याला सगळ्यांदेखत म्हातारा म्हणाला होता, एवढंच कारण.

राय धान्याच्या शेतांमधला रस्ता रिकामा होता. वारा समोरून छातीवर आदळत होता. तेवढ्यात मागून फ्रीव्हीलची कटकट आली, मध्येच अडखळणारी. ती लेशेकच्याच चाकाची. ते चाक तर वाकडं होऊन दानुताच्या कोठारात टांगलेलं होतं.

त्याने वळून पाहिलं. उन्हात कोरडा, मोकळा रस्ता.

पडक्या किल्ल्याचा उतार लागला. कटकट डावीकडून त्याला ओलांडून पुढे गेली. मागच्याला आडोसा देत वारा अंगावर घ्यायची पाळी आली की लेशेक असाच पुढे यायचा.

आणि छातीवरचा वारा थांबला. कडेचं पीक मात्र जोरात हलत होतं.

त्या आडोशात सायकल सुसाट सुटली. पुढे झाडांच्या सावल्यांनी रस्ता काळा पडला होता. सावली कुठली आणि खड्डा कुठला, कळेना.

समोरची कटकट झटकन बाजूला सरकली.

"लेशेक," वितोल्ड किंचाळला, "हात तर दाखव!"