पदराची गाठ

रविवारची आरती आटोपली आणि श्रावणीने गोल बाजारातून आणलेलं काळं कापड अंगावर घेतलं. देवघरासमोर खुर्ची ओढून ती बसली आणि आईला, विनोदिनीला, पुढ्यात उभं केलं. इकडच्या हिंदी शाळेच्या नाटकात ती न्यायाधीश होती. नाटक युरोपातलं, चारशे वर्षांपूर्वीचं. राज्य कॅथलिकांचं, आणि एक बाई मनातून प्रोटेस्टंट. चर्चमध्ये सगळ्यांसोबत पाद्र्याच्या हातची रोटी जिभेवर घेते, पण गिळत नाही. शाळेची हौसही दांडगी. आपल्याकडची भांडणं जणू कमी पडली!

त्या बाईचं काम विनोदिनीने कागदावरून वाचायचं होतं. सासरे दत्तोपंत झोपाळ्यावरून नातीला कौतुकाने बघत होते.

"रोटी निगली थी?" श्रावणीने विचारलं. आवाज भलताच थंड होता.

"निगली थी, हुज़ूर."

"झूठ. पल्लू खोलो."

विनोदिनीने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. हे वाक्य त्यात नव्हतं.

तिचं माहेर अमरावतीकडचं, महानुभाव. तिकडे दुसऱ्या देवाचा प्रसाद तोंडात घालत नाहीत. ते सगळं माहेरीच ठेवून यायचं असं लग्नात ठरलं होतं, आणि तिने मान डोलावली होती. तेव्हापासून आरतीनंतरचं खोबरं ती कपाळाला लावायची आणि हळूच पदरात बांधायची. परसातल्या खारींची चंगळ होती. घरात कुणाला पत्ता नाही, असं ती धरून चालली होती.

"पल्लू."

"श्रावणी, पुरे आता." पोटच्या पोरीची तिला भीती वाटत होती.

श्रावणी हसली नाही. उठून तिने पदराचं टोक उचललं. गाठीला मुंग्या लागल्या होत्या.

झोपाळा थांबला.

गाठ सोडून श्रावणीने खोबऱ्याचा तुकडा आईच्या तोंडासमोर धरला. विनोदिनीने सासऱ्यांकडे पाहिलं.

"पोट्टी खेळून राहिली, सूनबाई," दत्तोपंत मायेने म्हणाले. "खाऊन घे. मले तं कधीचंच मालूम हाये."

तिने खाल्लं. चावून गिळलं आणि तोंड उघडून दाखवलं. दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं.

झोपाळा पुन्हा हलू लागला. श्रावणीने आईच्या हातातला कागद घेऊन उलटून पाहिला.

"मम्मी, अब क्या करूँ? इसमें तो खाने के बाद भी उस औरत को ज़िंदा जलाते हैं."