विरळ जाळी

परीक्षक बाईंनी बोट नेमकं तिथंच ठेवलं. "या दुसऱ्या पद्धतीला जाळी इतकी विरळ का?"

मंजुश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. इस्लापूरची नदी तिनं चौकटींची जाळी टाकून संगणकात उभी केली होती; जाळी जितकी दाट, तितकं उत्तर नेमकं. मोठे भोवरे संगणक मोजतो. बारके जाळीतून निसटतात, त्यांचा अंदाज धरावा लागतो. अंदाजाच्या पद्धती दोन. एक तिच्या मार्गदर्शकांची, निवृत्ती सरांची, सोपी, सगळ्या नदीला एकच आकडा. दुसरीत पाणी बदलेल तसा आकडा बदलतो. खरं सांगायचं तर नदीत घेतलेल्या मापांशी दुसरीच जुळली होती. सरांची काठाजवळ सपशेल आपटली. भोवरे होते तिथं त्या पद्धतीनं संथ पाणी दाखवलं.

पण सरांना खोटं पाडायचं कुणी? वीरेशनं, तिच्या आधी सरांकडं शिकलेल्यानं, कान भरले होते की सरांच्या विरोधात गेलीस तर जन्मभर प्रबंधच लिहीत बसशील. लातूरच्या कॉलेजातली नोकरी पदवीवाचून अडली होती. सरळ सरांनाच विचारावं, एवढं काही मेलीला सुचलं नाही. तिनं गपचूप सरांच्या पद्धतीला दाट जाळी दिली, दुसरीला विरळ. काठाजवळची न जुळणारी मापं यंत्राची चूक म्हणून काढून टाकली. झालं, सर जिंकले.

"संगणक पुरला नाही, मॅडम," ती म्हणाली. बाईंना ते पटलं. पदवी मिळाली.

बाहेर व्हरांड्यात सरांनी स्वतःच्या हातानं तिला पेढा भरवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरी, माझा आकडा काठाजवळ चुकतो, असं मला लई वर्षं वाटून राहिलं होतं. स्वतः तपासलं की मन लबाडी करतं. म्हणून विषय तुला दिला. चुकत असेल तर तू तोंडावर सांगशील, हा भरवसा होता."

मंजुश्रीनं पेढा गालात सरकवला. ती कशीबशी म्हणाली, "सर, ते काठाजवळचं..."

"हाव, तेच. इस्लापूरला त्या काठी लेकरांच्या पोहण्यासाठी घाट पाहिजे होता. या शंकेपायी मीच अडवून धरला होता. आज सकाळी सांगून टाकलं, पाणी संथ हाय, पायऱ्या तिथंच बांधा."

मंजुश्रीनं पेढा गिळला आणि वाकून सरांच्या पाया पडली.