समुद्राचं ऑडिट

रविवारी सकाळी निळा मासा टाकीच्या तळाशी आडवा पडलेला दिसला, आणि ऑडिटरने घरातल्या माणसांची तपासणी सुरू केली.

आधी कामवाल्या बाईंचा नंबर लागला. फरशीला काय लावता, किती लावता, टाकीजवळ शिंकता का. बाईंनी फडकं बादलीत आपटलं आणि सांगितलं की साहेबांनीच बंदी केल्यापासून त्या खोलीची फरशी त्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही. मग बायकोचं अत्तर निघालं. ते तिने मागचा मासा मेला तेव्हाच बंद केलं होतं. राहता राहिले सासरे.

बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. आपण ऑडिटला गेलो की ऑफिसं चळाचळा कापतात, असं नवरा नेहमी सांगे. तिला ते खरं वाटे. ज्याला काही समजत नाही आणि सही मात्र त्याचीच लागते, अशा माणसाला लोक घाबरणारच.

घरात समुद्र आणायची हौस त्याची. दुकानदार म्हणाला होता, पाणी मुरू द्या, मासे मागाहून सोडा. आपण कामं रखडवणारे नव्हे, असं त्याला सुनावून याने संध्याकाळीच मासे सोडले. त्यातले थोडे लगेच गेले. मग काचेवर शेवाळ चढलं. शेवाळ अंधारात वाढतं असं स्वतःच ठरवून याने दिवे वाढवले. शेवाळ खूश झालं. दिव्यांच्या उष्णतेने पाणी उडायला लागलं, रोज पातळी खाली जायची, आणि रोज सकाळी हा बादलीत मीठ कालवून खारं पाणी वर ओतायचा. समुद्रात गोडं पाणी घालतात का कुणी?

पाणी उडतं, मीठ जागच्या जागी राहतं. दुकानदाराने हे टाकी बसवतानाच सांगितलं होतं आणि तिने ऐकलं होतं. त्याच संध्याकाळी ती सांगायलाही गेली. ‘तुला यातलं काय कळतं,’ असं उत्तर आलं. बरं, म्हणाली ती, आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. तेव्हापासून नवरा बादली ढवळायला बसला की ती चहा घेऊन दारात यायची. तेवढाच तिचा विरंगुळा. पोवळी मिटली, कोळंबी दिसेनाशी झाली, एकेक मासा कमी होत गेला, चहाची चव काही बिघडली नाही.

टाकीच्याच खोलीत अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची, खाट होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते मुलाकडून लेकीकडे आले होते. तिथून आले तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. इथे मात्र माशांशी गप्पा मारायचे. मासा गेला की त्या दिवशी त्यांचं जेवणाचं पान तसंच परत यायचं.

अण्णांना ऐकू कमी येतं, असा घरात एक सोयीचा समज होता. त्यामुळे नवऱ्याने आवाज नावालाच खाली आणला.

“अण्णांचं ते गुडघ्याचं मलम. वास हवेतून पाण्यात उतरतो. मी तुझ्या भावाला फोन लावतो. त्यांना तिकडेच बरं पडेल.”

फोन खिशातून बाहेरही आला. अडचण मलमाची नाही, खोलीतल्या खाटेची आहे, हे तिला कळायला उशीर लागला नाही. तिने कप खाली ठेवला.

“मलम नाही, मीठ. पाणी उडतं, मीठ उडत नाही. वर साधं पाणी घालायचं असतं.”

“कोण म्हणतं?”

“दुकानदार. तुम्ही त्याला भरती-ओहोटी समजावून सांगत होता तेव्हा.”

तो हसला. खारटपणा मोजायची काचेची नळी, मीठ जेवढं जास्त तेवढी वर तरंगणारी, त्याने कपाटातून शोधून आणली. पहिल्या दिवशी ताळा जुळला होता, म्हणून पुन्हा काही ती बाहेर निघाली नव्हती. हिरव्या पट्टीपर्यंत बुडायला हवी ती नळी पाण्यातून बाहेर ताठ उभी राहिली. त्याने बोटाने खाली दाबली. ती वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा आली.

फोन खिशात गेला.

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. इतका गोड शब्द तिच्या तोंडून बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. साध्या पाण्याची बादली आणायला तो मुकाट्याने वळला, तेव्हा तिने मागून सांगितलं की एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला, नाहीतर उरलासुरला मासाही जाईल. तो मान खाली घालून ऐकत होता. सकाळ सत्कारणी लागली.

खाटेवरून अण्णांनी विचारलं, “तो पट्ट्यांचा मासा गेला, तेव्हाही माहीत होतं?”

तिने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. “अहो अण्णा, यांना एकदा कळायला नको का...”

अण्णांनी मान हलवली. काठी ओढून घेतली, उशीखालचा चष्मा चढवला आणि तिचा फोन मागितला. मुलाचा नंबर लावून दे म्हणाले.

“आता कशाला? मलमाचा काही संबंध नाही, सगळ्यांसमोर सिद्ध झालं ना.”

“झालं,” अण्णा म्हणाले. “पण तिकडे सून जे काय असेल ते तोंडावर बोलते.”