पाठमोरी

मेंदूज्वरातून उठल्यापासून इंदिराबाईंना लेकीचा चेहरा ओळखू येत नव्हता, आवाजही नाही. आज त्या स्कॅनरच्या बोगद्यात अर्धवट गुंगीत पडल्या होत्या. डोळ्यांसमोरच्या पडद्यावर चेहरे धुक्यातून यावेत तसे येत आणि विरून जात. मेंदूचा प्रतिसाद बघून पुढे काय दाखवायचं, हे यंत्र स्वतःच ठरवत होतं.

मध्येच त्यानं चेहरे थांबवले. बाहेर बसलेल्या लेकीसाठी, शर्वरीसाठी, सूचना उमटली, ‘कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत जा.’

“मला हे कधी सुचलं नसतं,” डॉक्टर पुटपुटले.

शर्वरी लांब व्हरांड्यातून चालत गेली; तिची पाठमोरी चाल आईसमोरच्या पडद्यावर दिसू लागली. डॉक्टरांसमोरच्या चित्रात तिच्या आईचा मेंदू पहाटेच्या आभाळासारखा हळूहळू उजळत गेला.

बाहेर आल्यावर इंदिराबाईंनी तिला अदबीनं विचारलं, “आपण कोण?”

शर्वरी वळली आणि दाराकडे चालू लागली.

“शरू,” मागून आई म्हणाली, “न सांगता कुठे निघालीस? थांब, मी येते.”

शर्वरी थांबली, पण तिनं वळून पाहिलं नाही. तिनं नुसता हात मागे केला आणि आईनं तो धरला.