चष्म्याची कविता

सूत्रसंचालिकेने कवीला माइककडे बोलावलं, आणि त्याच क्षणी त्याला तिसऱ्या रांगेत आई दिसली.

तिला तो अतिथिगृहावर ठेवून आला होता. लेखकांच्या संमेलनात काही राम नसतो, नुसती भाषणं असतात, तू आपली जरा पड, असं परोपरीने सांगून. पण दोघांची खोली मिळतेय म्हटल्यावर जिने स्वतःहून बॅग भरली, ती बाई दुपारची थोडीच पडून राहणार? वाट विचारत विचारत ती सभागृहापर्यंत आली होती आणि मांडीवर पर्स घेऊन ऐसपैस बसली होती. मुलाला कविता वाचताना तिने कधी ऐकलं नव्हतं. त्याची पुस्तकं घरात होती, पण तिच्या मते त्यांतलं अक्षर फार बारीक होतं.

कवीने घाईने हातातल्या वहीचं पान उलटलं. त्याला इथे बोलावलं होतं ते एकाच कवितेसाठी, आणि ती कविता होती गेलेल्या आईवर. लिहिली तेव्हा ती निव्वळ कल्पना होती. पण पहिल्यांदा वाचली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत जवळ आले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कवीने मान खाली घातली. खोटं तो एक अक्षर बोलला नाही. फक्त पुढे मान खाली घालायची सवयच लागली, आणि बघता बघता तो पोरका कवी म्हणून नावारूपाला आला.

"आज एक नवी कविता वाचतो," तो म्हणाला. "नदीवरची."

"नदी राहू द्या हो," मंचावरून अध्यक्ष म्हणाले. "चष्म्याची वाचा. लोक तिच्यासाठी थांबलेत."

सभागृहातूनही चष्म्याची, चष्म्याची असा आग्रह सुरू झाला. आपल्या मुलाला एवढी मागणी आहे हे बघून आईसुद्धा त्यात सामील झाली.

सुटका नव्हती. कवीने माइकपासून तोंड वळवलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सुरुवात केली. माइकवाला मोठा तत्पर होता. त्याने लगेच आवाज वाढवून दिला.

तुझा चष्मा तसाच आहे शिलाई मशीनवर,
काड्या उघड्या टाकून.
तू गेल्यापासून या घरात
कुणालाच जवळचं दिसत नाही.

तो चष्मा त्या वेळी आईच्या नाकावर होता. दुसऱ्या कडव्याला तिने तो काढला आणि बोटांनी डोळे टिपले. शेजारच्या बाईंनी तिला आपला रुमाल दिला. कवी एका डोळ्याने ते बघत होता आणि त्याचा आवाज खरोखरच भरून येत होता. इतक्या वेळा वाचली, पण ती कविता इतकी चांगली त्याने कधीच वाचली नव्हती.

टाळ्या काही थांबेनात. कवी कसाबसा मंचावरून उतरला, पण आईपर्यंत पोचायच्या आत अध्यक्ष तिथे पोचले होते. रुमालवाल्या बाईही होत्याच. तुम्हाला फारच लागलं, आपण यांच्या कोण, असं अध्यक्ष तिला अगदी हळुवारपणे विचारत होते. कवीने डोळे मिटून घेतले. आपली अब्रू गेली तर गेली, पण स्वतःच्या मरणाची गोष्ट आईला अशी चारचौघांत ऐकायला लागली, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

"मावशी," आई म्हणाली. "त्याच्या आईची धाकटी बहीण."

अध्यक्ष गहिवरले. "आता तुम्हीच यांना आईच्या जागी."

"बघते, जमतंय का," आई म्हणाली.

चहाच्या वेळी दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. कवी म्हणायला लागला की कविता म्हणजे तसं काही खरं नसतं, तर आईने त्याला आधी चहा प्यायला सांगितलं. मग म्हणाली, पहिल्या कडव्यापासूनच मला रडू येत होतं. त्या बिचारीची इतकी कीव आली, आणि तिसऱ्या कडव्याला लक्षात आलं, अगं बाई, ही तर मीच. शिवाय ते मशीन तूच मला विकायला लावलंस, हेही तिने सुनावलं.

"पण मावशी कशाला सांगितलंस?"

"माय मरो नि मावशी जगो म्हणतात ना? अर्धं काम तू केलंस, उरलेलं मी केलं."

कवीला हसू फुटलं. आई मात्र हसत नव्हती. ती कपातला चहा उगाच ढवळत होती.

"एवढं सगळं माझ्याबद्दल वाटतं तुला," ती म्हणाली. "मला कधी बोलला नाहीस."

"तू समोर असलीस की सुचत नाही."

हे मात्र त्याने अगदी खरं सांगितलं. तिला ते लागलंही आणि सुखावूनही गेलं. दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदमच दिसत होतं आणि कवीला कुठे बघावं ते कळेना. त्याने तिच्या हातातला चमचा काढून घेतला आणि तिचा गार झालेला चहा बदलून आणला.

तेवढ्यात अध्यक्ष बिस्किटांची बशी घेऊन हजर झाले. पुढच्या वर्षीचं निमंत्रण त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकलं, आणि मावशींना बरोबर आणायचंच, असं कवीला बजावलं. आईने खुशीत मान डोलावली. ते पाठमोरे होईपर्यंत ती गोड हसत राहिली, मग मुलाकडे वळली.

"येईन मी," ती म्हणाली. "पण तोवर मावशीवर काही लिहू नकोस."