पुऱ्याची शीव

शिवेचा दगड अखेर जमिनीत बसला, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हेच कुर्बान चौधरीला कळेना. माघाचं कोवळं ऊन होतं. अमरावतीच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेला कापूस हवेत तरंगत होता. भगवंतराव पाटलांनी दगडावर हात ठेवला. "घे बाबा. इकडं गाव, तिकडं तुहा पुरा. तुमच्या गल्लीबोळाचं तुमी पाहा."

पुरा म्हणजे गावाच्या पाठीला चिकटलेली मुसलमान विणकरांची वस्ती. घरं थोडकी. चावडीवर त्यांचं म्हणणं ऐकून घेत, पण ठरायचं गावाला हवं तेच, कारण गावाची तोंडं जास्त. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि पाटलांच्या गाड्या पुऱ्यातून धावू लागल्या. विणकर सकाळी गल्लीतच सुताचा लांब ताणा पसरून त्याला खळ लावत. गाडी आली की ताणा गुंडाळायचा. नाही गुंडाळला तर चाकाखाली. तुटलेलं सूत जोडता जोडता बायकांची बोटं दुखून येत. चावडीवर जाऊन जाऊन कुर्बान थकला. शेवटी त्यानं एवढंच मागितलं, की सारा, वेस, पहारा गावाकडे राहू द्या, पुऱ्याच्या गल्ल्यांचं तेवढं पुऱ्याला ठरवू द्या. पाटील आधी हसले, मग चिडले, आणि मोजणीवाले साहेब गावात तंबू ठोकून बसल्यावर त्यांच्यापुढं रोजची कटकट नको म्हणून हो म्हणाले. पुऱ्यानं मग कुर्बानला आपला चौधरी, म्हणजे म्होरक्या, केलं.

कुर्बाननं मात्र हे सगळं कधीच पाहून घेतलं होतं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि सूत घेऊन धोटा इकडून तिकडे जाऊ लागला की त्याचे डोळे जड होत. मग तेच एक स्वप्न पडे. पांढरा ताणा निंबाच्या गल्लीतून निघतो, सावलीसावलीनं नाल्यापर्यंत जातो, कुठंही तुटत नाही. दोन्ही बाजूंनी माणसं खळीचे कुंचे फिरवत हलक्या पायांनी चालतात. कोणी कोणावर ओरडत नाही. "झोपीत बी ताणाच पाहून राहिले का जी?" त्याची बायको कुलसुमबी विचारी. ते स्वप्न त्यानं साऱ्या पुऱ्याला इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते सगळ्यांनाच पडत असावं.

आजही दगडाजवळ गूळ वाटता वाटता तो तेच सांगू लागला. "निंबाच्या गल्लीतून सरळ नाल्यापरेंत. एक बी गाठ नाही." एवढी लांब, सरळ गल्ली पुऱ्यात दुसरी नव्हतीच. ऐकणारे माना डोलावत होते.

निंबाच्या गल्लीत मैनाबाई राहायची. तिची आणि तिच्या भाऊबंदांची मिळून मानभावांची, म्हणजे महानुभाव पंथाच्या लोकांची, तीन-चार घरं. गावाच्या देवांपुढे हात न जोडणारे हे लोक गावाला नकोसे होते, म्हणून कोण्या जुन्या काळी ते पुऱ्याच्या कडेला येऊन राहिले. गल्लीच्या मधोमध त्यांचा ओटा होता. मूर्ती नाही, शेंदूर नाही, नुसता सारवलेला ओटा, त्यांचे स्वामी कधी काळी बसले ती जागा. रिद्धपूरला जाणारे त्यांचे यात्रेकरू तिथं दंडवत घालून पुढं जात. शीव आखताना ही गल्ली पुऱ्यात आली. मैनाबाईला कोणी विचारलं नाही. कुर्बान जन्मला तेव्हा त्याच्या आईजवळ हीच बाई बसलेली. ती घरचीच, तिला काय विचारायचं?

मैनाबाईनं गूळ घेतला, पदराला बांधला.

"चौधरी," ती म्हणाली, "तुह्या सपनात आमचा ओटा कुठं हाये?"

कुर्बान हसला. मग त्यानं डोळे मिटून खरंच शोधलं. निंब दिसला. नाला दिसला. ताणा सरळ आणि झुळझुळीत होता, मधे काहीच नव्हतं. तो ओटा आपण कधी पाडला, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

त्याचा चुलतभाऊ जैनुद्दीन मधे पडला. "ओटा कडेले बांधून देऊ ना, मावशी. आता आपले पंच हायेत. त्याईले सांगजा, ते ऐकून घेतील."

ऐकून घेणं म्हणजे काय, हे कुर्बानला कोणी शिकवायला नको होतं. पाटील मिशीत हसत होते. पुरा नव्या चौधरीच्या तोंडाकडे बघत होता. स्वप्न अजून त्याच्या डोळ्यांत होतं, आणि ते सोडताना त्याच्या जिवावर आलं.

मग पुऱ्याच्या नव्या राज्यातला पहिला हुकूम सुटला: निंबाच्या गल्लीत कुर्बान चौधरीचा हुकूम चालणार नाही.