टिनकपची पांढरी फुलं

शुक्रवारी दुपारी डीलॉय आला तेव्हा थेराल तिसऱ्या दिवसाच्या शोधासाठी गाडीत आणखी पाण्याच्या बाटल्या भरत होता. डीलॉयने फाटकातच हॅट काढली. थेरालने हातातली बाटली खाली ठेवली.

"सापडली?"

"सापडली." डीलॉय गावच्या शोधपथकाचा प्रमुख होता. वीस वर्षं बिनपगारी हे काम करत होता. "टिनकपच्या घळीत, कड्याच्या पायथ्याशी. पाय मोडला होता. थेराल, अ‍ॅफ्टन गेली रे."

"टिनकपला?"

"ओहायोचं एक म्हातारं जोडपं बोर्ड वाचून फुलं बघायला गेलं होतं. त्यांना दिसली."

थेरालने खाली ठेवलेली बाटली उचलून गाडीत टाकली.

"फुलं होती का तिथे?"

"हे काय विचारतोस?"

"होती का?"

"होती. पांढरी खसखस. उतारभर."

पोस्टाच्या भिंतीवरचा तो बोर्ड थेरालची बायको अ‍ॅफ्टन पंधरा वर्षं लिहीत होती. वसंतात कुठल्या घळीत काय फुललंय ते बाहेरच्या माणसांना त्यावरून कळायचं. निवडुंगाच्या लाल फुलांबद्दल ती खरं लिहायची. पांढऱ्या रानखसखशीबद्दल कधीच नाही. ती खसखस ज्या मातीत येते तिच्यावर शेवाळासारखा जिवंत काळा पापुद्रा असतो. एक पाऊल पडलं तरी तो मरतो, आणि भरून यायला माणसाचं आयुष्य जातं. म्हणून खसखस आंधळ्या घोड्याच्या घळीत फुलली की अ‍ॅफ्टन लिहायची, टिनकप. टिनकपला फुलली की लिहायची, आंधळा घोडा. तिसरी जागाच नव्हती. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. पाहुणे उन्हात हिंडून लालबुंद होऊन परतायचे. अ‍ॅफ्टन त्यांना लिंबूपाणी द्यायची आणि म्हणायची, "अरेरे, कालच्या वाऱ्याने झडली वाटतं!"

बुधवारी सकाळी तिने या हंगामातली खसखशीची पहिली ओळ लिहिली, टिनकप, आणि झाडं मोजायला गेली. तिची गाडी सापडली ती दोन्ही घळींच्या तोंडाशी. पथकात अकरा माणसं होती आणि आंधळ्या घोड्याला सतरा फाटे. दोन दिवस ती सगळी तिथेच हाका मारत फिरली.

डॉक्टर म्हणाले, गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत ती जिवंत होती.

सोमवारी दफन झालं. चर्चच्या बायकांनी चीज घातलेले बटाटे आणून दिले, सहा भांडी, प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. मुलगी जनील सॉल्ट लेक शहरातून आली होती. डीलॉय स्वयंपाकघरात आला तेव्हा तिने त्याला बसा असंही म्हटलं नाही.

"बोर्डावर ढळढळीत लिहिलं होतं, काका. वाचता येत नाही का तुम्हाला?"

"पोरी, तुझ्या आईच्या बोर्डावर विश्वास ठेवणारा या गावात एक माणूस नाही."

"ओहायोच्या म्हाताऱ्याने ठेवला. त्याला चष्मा होता म्हणून?"

डीलॉयने मान खाली घातली. "आंधळ्या घोड्यात एक फूल दिसलं नाही. पण मी फुलं बघत नव्हतो गं."

"पंधरा वर्षं खोटं लिहिलं आणि नेमकं त्याच दिवशी खरं? असं कसं?"

"तेच मला कळत नाही. मी पहिल्याच दिवशी थेरालला विचारलं होतं."

दोघांनी थेरालकडे पाहिलं.

"मी म्हणालो, बोर्ड उलटा धर," थेराल म्हणाला. "गावात कुणीही तेच म्हणालं असतं. बटाटे गार होतायत. घ्या."

जनीलने गावाकडे डीलॉयविरुद्ध तक्रार दिली. गुरुवारी गावाची बैठक ठरली. बैठकीआधी दुपारी डीलॉय थेरालच्या अंगणातल्या पायरीवर येऊन बसला.

"पथकाशिवाय मला दुसरं काही येत नाही रे. आमची मेरीलू म्हणते, घरात राहिलास तर मीच तुला दरीत सोडून येईन." तो हसला. "माझ्या बाजूने दोन शब्द बोल. तुझं ऐकतील."

"बोलेन."

थेराल बोलला. उठून म्हणाला, डीलॉय भला माणूस आहे, त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं. कुणीतरी मागून म्हणालं, "निदान दोन माणसं तरी दुसरीकडे धाडायची!" थेराल खाली बसला. डीलॉयला प्रमुखपदावरून काढायला हात वर झाले. त्याने पथकाचा रेडिओ टेबलावर ठेवला, चार्जरची वायर नीट गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवली आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी जनील परत गेली. निघताना तिने बापाला मिठी मारली. "मॉमसाठी एवढं तरी झालं."

थेरालने भांडी धुतली आणि पट्टीवरची नावं वाचत घरोघर पोचती केली. सगळ्यांनी आत बोलावलं. तो कुठेच आत गेला नाही. डीलॉयच्या दारात त्याच्या बायकोने, मेरीलूने, भांडं घेतलं आणि म्हणाली, "तो झोपलाय. दिवसभर झोपूनच असतो हल्ली." थेराल तसाच घरी आला.

बोर्डावर ती ओळ लिहिली गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी, मंगळवारी, थेराल आणि अ‍ॅफ्टनचं भांडण झालं होतं. गेल्या वर्षी काठी टेकत आंधळ्या घोड्यातून फुलं न दिसताच परतलेली एक म्हातारी त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. तो अ‍ॅफ्टनला म्हणाला, परक्या माणसांशी खोटं बोलणारी बायको मला नको. ती म्हणाली, "बरं. उद्यापासून खरं लिहीन. शब्द देते." डीलॉयने विचारलं तेव्हा थेरालला हे नीट आठवत होतं, फक्त ती शब्द पाळेल असं वाटलं नव्हतं. डीलॉयला हे सांगायचं अजून राहिलं आहे.